आयडा रडेपर्यंत

ते साल २०२३. फेब्रुवारीतला रविवार. ते साल माझ्या लक्षात राहिलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे, वर्षानुवर्षं एकमेकींशी भांडलेल्या मोठमोठ्या कंपन्यांनी अखेर ठरवलं की सगळ्यांच्या दिव्यांनी, कुलपांनी आणि घंटांनी एकाच भाषेत बोलायचं, आणि तसा माल दुकानांत यायला लागला. दुसरी, आमच्या स्ट्रूप घराण्यात चौथ्या पिढीचं पहिलं मूल आलं. पहिली गोष्ट माझी भाची कोरीन जेवताना रंगवून सांगत होती, कारण घराघरांत असले दिवे आणि कुलपं बसवणं हा तिचा धंदाच. दुसरी गोष्ट आपल्या आईच्या मांडीवर दूध पीत होती.

आम्ही केल्सीच्या घरी जमलो होतो. केल्सी ही कोरीनची मुलगी. आमच्या घरात बहिरेपण मधली एक पिढी गाळून येतं. माझा थोरला भाऊ डेल्बर्ट आणि मी बहिरे. त्याची मुलं, कोरीन आणि लायल, दोघंही ऐकणारी. कोरीनची केल्सी पुन्हा आमच्यातली, आणि तिने नवराही आमच्यातलाच शोधला, ड्रू. आयडा जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की बाळाला ऐकू येतं. केल्सी म्हणाली, "असू दे. तरी आम्ही तिच्यावर तेवढंच प्रेम करू."

मी इथे 'म्हणाली', 'म्हणाला' लिहिते ते हातांनी म्हणाला असंच समजावं. आमच्या घरात तसंच बोलतात. म्हणून टेबल गोल, दिवे भरपूर, आणि मधे फुलदाणी ठेवायची नाही.

त्या दिवशी आयडाला खुणेचं नाव मिळायचं होतं. कागदावरचं नाव आईबाप ठेवतात, पण खुणेचं नाव बहिऱ्या वडीलधाऱ्यानेच द्यायचं, तेही बाळाचा स्वभाव नीट बघून. डेल सत्त्याऐंशीला टेकला होता, मॅक्सीन वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. तरी तो टाय लावून आला. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मग, लास व्हेगासच्या प्रदर्शनात काय पाहिलंस?" लायलने कोरीनला विचारलं. त्याच्या एका हातात आंबट कोबीचा तळलेला गोळा होता, त्यामुळे तो अर्धंच बोलत होता. "जुगार खेळलीस की नुसते पंखेच बघितलेस?"

"माणसं पाहिली," कोरीन म्हणाली. "घरांशी बोलणारी. दिव्याला म्हणतात लाग, पडद्याला म्हणतात सर. चार दिवस एवढा मोठा मांडव भरून माणसं भिंतींशी गप्पा मारत होती."

"आणि भिंती?" डेलने विचारलं.

"उत्तर देत होत्या, बाबा."

"हं!" डेल खुर्चीत मागे रेलला. "ह्या लोकांना आत्ता सुचलं. माझं घर माझ्याशी चौसष्ट सालापासून बोलतंय. दाराशी कोण आलं की दोनदा दिवा. फोन आला की तीनदा. तेव्हा कुणी प्रदर्शन भरवलं नाही."

यात फुशारकी नव्हती, खरंच होतं. डेल दिवसा टायरच्या कारखान्यात असायचा आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये. आमच्या ॲक्रन शहरात तेव्हा टायरच्या कारखान्यांत बहिऱ्यांना काम मिळायचं, म्हणून बहिरी कुटुंबं पुष्कळ होती, आणि त्यातल्या किती जणांच्या घरी डेलने स्वतः जोडलेले डबे होते! दारासाठी, टाइप करून बोलायच्या फोनसाठी, आणि सगळ्यांत नावाजलेला म्हणजे बाळासाठी. बाळ रडलं की आईबापांच्या उशाचा दिवा लागायचा. त्या डब्याच्या भरवशावर आमच्या बहिऱ्यांच्या क्लबातली एक अख्खी पिढी वाढली.

"आई," केल्सीने बाळ खांद्यावर टाकलं आणि एका हाताने बोलायला लागली, "मी तुला आज सांगणार होते. तू छताला लावलेला तो गोल कान आहे ना, तो मी काढून टाकतेय."

कोरीन हातातला काटा खाली ठेवत म्हणाली, "का?"

"का म्हणजे? माझ्या मुलीचं रडणं आधी तारेतून कुठल्या तरी कंपनीकडे जाणार, तिथलं यंत्र ठरवणार की हे रडणंच आहे, आणि मग माझा दिवा लागणार. उद्या ती कंपनी बंद पडली तर?"

"सगळ्याच बंद पडत नाहीत गं."

"नोव्हेंबरात पडलीच ना? दाराचा दिवा एका रात्रीत मेला. ड्रूची आई हातात गरम भांडं घेऊन बर्फात अर्धा तास उभी होती."

"आणि आत आल्यावर जे बोलली," ड्रू म्हणाला, "त्यापेक्षा बर्फ बरा."

कोरीन हसली नाही. ती कंपनी तिची नव्हती, पण दाराच्या दिव्याचा डबा तिने बसवला होता. त्या आठवड्यात तिच्या गिऱ्हाइकांची चाळीस घरं मुकी झाली होती आणि ती दारोदार माफी मागत फिरली होती. हे तिने मला सांगितलं होतं, केल्सीला नव्हतं.

"मला आजोबांचा डबा हवाय," केल्सी म्हणाली. "एक तार, एक दिवा, मधे कुणी नाही. त्याच्यावर लायलमामा वाढला."

"म्हणून हा असा झाला," डेल म्हणाला, आणि त्याने टॉवेल सोडला.

तोच डबा. करड्या पत्र्याचा, बाजूला तपासणीचं लाल बटण. एकसष्ट साली कोरीन झाली, तेव्हा मॅक्सीन तिचा पाय स्वतःच्या मनगटाला फितीने बांधून झोपायची. सदुसष्टला लायल झाला तेव्हा डेलने हा डबा केला. असा पहिलाच.

मी कोरीनकडे बघत होते. आम्ही बहिरे लोक चेहरे वाचतो, ती आमची पोटापाण्याची विद्या. तिचा चेहरा डबा पाहून एकदम लहान झाला. पण मला अर्थ लागला नाही. वाटलं, धंद्याचा अपमान झाला म्हणून असेल.

जेवण होताच डेलने कामाला सुरुवात केली. डबा दिवाणखान्याच्या फळीवर ठेवला, तिथून तार काढून बाळाच्या खोलीत पाळण्याशी माइक बांधला, दुसरी तार मोठ्या दिव्याला जोडली. बाळ केल्सीच्या हातात होतं. सगळं जोडून झाल्यावर डेल रिकाम्या पाळण्यापाशी वाकला आणि तोंड उघडून ओरडला.

दिवा लखकन लागला. ड्रूने आणि मी दोन्ही हात वर करून हलवले, आमच्यात टाळ्या अशाच वाजतात. डेल दारात येऊन वाकून सलाम करून गेला. साठ वर्षांपूर्वी क्लबातले लोक बघायला यायचे तेव्हाही असाच करायचा.

लायल कानात बोट घालून कोरीनकडे बघत होता. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायला लागला होता, हे मला नंतर कळलं.

केल्सीने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि आम्ही ॲपल पाय खायला बसलो. पुढे जे झालं ते आम्हा चौघांना दिसलंच नाही. ते फक्त कोरीनचं आणि लायलचं होतं, आणि त्या दोघांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मलाही ऐकू आल्यासारखं वाटतं.

कोरीन फळीजवळ उभी राहून कॉफी पीत होती. आतून आयडा कुरकुरली. मग रडायला लागली. महिन्याभराच्या बाळाचं रडणं, कोरीन म्हणते, बारीक असतं, ओलं असतं, मांजराच्या पिलासारखं. कोरीनने दिव्याकडे पाहिलं. दिवा बंद. केल्सी ॲपल पायचे तुकडे करत होती. ड्रू डेलला मोटारीबद्दल काहीतरी सांगत होता. बाळ रडत होतं आणि खोलीतलं कुणी मान वळवत नव्हतं.

एकसष्ट वर्षांच्या कोरीनचा हात आपोआप मागे गेला आणि तिने लाल बटण दाबलं.

दिवा लागला. "बघा!" केल्सी आनंदाने म्हणाली आणि आत धावली. डेलने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ वर्ना, अजून चालतो!"

लायलने मात्र पाहिलं होतं. तो कोरीनला खेचून सिंकपाशी घेऊन गेला, आणि दोघं आमच्याकडे पाठ करून तोंडाने बोलायला लागली.

आता बहिऱ्यांच्या घरात ऐकणाऱ्यांनी तोंडाने बोलणं म्हणजे काय, ते स्ट्रूपांच्या पोरांना सांगायची गरज नाही. लहानपणी याच्यासाठी दोघांनी मार खाल्लेला आहे. डेलने जमिनीवर पाय आपटला. कपाटातल्या बशा हादरलेल्या मला तळपायाला कळल्या. दोघं वळली.

"माझ्यासमोर हात वापरायचे," डेल म्हणाला. "काय चाललंय?"

"काही नाही, बाबा."

"काही नाही त्याला पाठ कशाला लागते?"

केल्सी बाळाला घेऊन दारात आली होती. लायलने कोरीनकडे पाहिलं. "सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगतो. तिथे पोर आहे, कोरीन."

कोरीनने हात उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"दिवा डब्याने नाही लावला," ती म्हणाली. "मी बटण दाबलं. बाळ आधीच रडत होतं."

"तार सैल झाली असेल," डेल म्हणाला.

"तार नाही, बाबा. तो डबा बाळाच्या रडण्याने कधीच लागला नाही. लायलच्या वेळीही नाही."

डेलने फळीवरच्या डब्याकडे पाहिलं.

"मग लायल रडला की आमचा दिवा कसा लागायचा?"

"मी लावायचे. पाळणा माझ्याच खोलीत होता ना. मी उठायचे, स्टुलावर चढायचे आणि बटण दाबायचे. तुम्ही किंवा आई येईपर्यंत पुन्हा पांघरुणात."

"रोज?"

"तो रडायचा तेव्हा."

"म्हणजे रोज," लायल म्हणाला. तो विनोद करायला गेला होता, पण त्याचे डोळे भरले होते. त्यालाही हे आत्ताच कळलं होतं.

"तुम्ही डबा तपासायचात तो स्वतः ओरडून," कोरीन म्हणाली. "बाबा, तुमचा आवाज मालगाडीसारखा आहे. त्याने स्मशानातला दिवासुद्धा लागेल. बाळाचं रडणं केवढं असतं ते तुम्हाला कळणार कसं? आणि तुम्हाला सांगणारंही कुणी नव्हतं. मी होते, ती सहा वर्षांची. तुम्ही रविवारी अख्ख्या क्लबाला डबा दाखवायला आणलं होतंत. आई इतकी खूश होती. मला नाही सांगता आलं."

"आणि आज?" केल्सीचा एक हात बाळाखाली होता, दुसऱ्याने ती बोलत होती. "आज पुन्हा बटण दाबलंस? मी घरात एकटी असते आणि तू नसतीस, तर?"

"म्हणून तर सांगितलं."

"लायलमामाने पकडलं म्हणून सांगितलंस!"

केल्सी वळली आणि बाळाच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. तिने मला पुढे सांगितलं की तिला आईचा राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटली होती. ड्रूच्या आईला ऐकू येतं, आणि तिचं म्हणणं असं, की दोन बहिऱ्यांनी बाळ घेऊन एकट्याने राहू नये, तिच्या घराच्या माळ्यावर राहायला यावं. केल्सीने तिला ठणकावून सांगितलं होतं, माझ्या आजोबांनी साठ वर्षांपूर्वी हे करून दाखवलंय. आता त्या वाक्याखालची जमीन गेली. या घरात राहायचं की सासूच्या माळ्यावर, एवढंच उरलं होतं.

डेल उठला. कोट घातला, आणि जाड हातमोजे चढवले. आमच्यात हातमोजे घालणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

कोरीन पाठोपाठ गेली. मी खिडकीशी गेले. कुणी याला चोरून ऐकणं म्हणेल, पण बोलणं दिसतंच त्याला मी काय करू?

डेल रस्त्याकडे बघत होता, मला तो कडेने दिसत होता. कोरीनने त्याच्या समोर जाऊन एकेक करून त्याचे हातमोजे काढले, लहान मुलाचे काढावेत तसे. त्याने काढू दिले.

"बाकीची घरं," तो म्हणाला. थंडीने त्याची बोटं अडखळत होती. "हार्लनची जुळी. पेटिटांची पोर. कोरीन, मी किती जणांना म्हटलं, निर्धास्त झोपा."

मला तेव्हा कळलं की स्वतःची शरम त्याच्या मनातही नव्हती. तो पोरं मोजत होता.

"ती सगळी घरं ठीक होती, बाबा."

"तुला काय माहीत?"

"तुम्ही मला बरोबर न्यायचात ना, तारा ओढायची परवानगी घ्यायला, घरमालकाशी बोलायला. मागच्या बाजूला एक स्क्रू आहे, तो फिरवला की माइकला बारीक आवाज कळतो. मला सापडला तेव्हा लायल रात्रीचा रडायचा थांबला होता, म्हणून आपल्या डब्याचा तसाच राहिला. पण इतरांचे डबे त्यानंतरचे. त्यांच्याकडे गेलो की मी बाळ रडायची वाट बघायचे आणि बरोबर लागेपर्यंत स्क्रू फिरवायचे."

"मला कसं नाही दिसलं?"

"तुम्ही निरोप घेत असायचात. कोट घालून दारात उभं राहिल्यावर तुमच्या गप्पा दोन तास चालायच्या. तेवढ्यात कुठलंही बाळ एकदा तरी रडतंच."

डेलचे खांदे हलले. हसला की काय, ते त्या बाजूने कळेना.

"मिस ओल्ड्रिजबाईंनी आम्हाला शाळेत बोलावलं होतं," तो म्हणाला. "तू दुसरीत होतीस. त्या बराच वेळ बोलल्या, तूच आम्हाला सांगितलंस. म्हणालीस, बाई म्हणतात मी फार शहाणी आहे."

"बाई म्हणत होत्या, ही वर्गात झोपते."

डेलने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यामुळे पुढे काही वेळ त्याला बोलता येईना. मग हात सोडून म्हणाला, "मी तुला कान म्हणून वापरलं. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे. रात्री तरी नाही, असं वाटायचं मला. त्या डब्यामुळे तुझ्या रात्री तुला राहिल्या, असं मी मॅक्सीनला म्हणायचो."

"मला त्याचं वाईट नाही वाटत, बाबा."

"मला वाटतंय. मला वाटू दे."

दोघं आत आली तेव्हा कोरीनच्या हातात गाडीतून आणलेलं खोकं होतं. तिने बाळाच्या खोलीचा दिवा बाहेरच्या बटणाने दोनदा लावला-मिटवला, म्हणजे दार ठोठावलं. केल्सीने उघडलं.

"हे मी प्रदर्शनातून आणलं," कोरीन म्हणाली. "यंदा तिथली निम्मी माणसं कंटाळून हेच मागत होती. हा कान कुणाला काही विचारत नाही. रडणं ओळखायचं ते इथल्या इथे, घरात. कंपनी बुडाली, तार तुटली, तरी चालेल. दर महिन्याला पैसे नाहीत. मी आधी दाखवणार होते, पण तू आजोबांचा डबा म्हणालीस आणि…"

"आणि तुझे हात बंद झाले," केल्सी म्हणाली. जरा वेळ खोक्याकडे पाहून तिने विचारलं, "कशावरून चालेल? तू म्हणतेस म्हणून?"

"नाही," मधेच डेल म्हणाला. "कुणी म्हणतं म्हणून नाही. या घरात आता कुणाच्या म्हणण्यावर काही लागणार नाही. बाळ रडेल, दिवा लागेल, तू डोळ्यांनी बघशील. तोवर आम्ही कुणी घरी जात नाही."

बापलेकीने मिळून ते जोडलं. कान तिचा, दिव्याकडच्या तारा त्याच्या. एकदा तो सवयीने पाळण्यावर वाकून तोंड उघडायला लागला तेव्हा तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आयडाला पाळण्यात निजवलं, आणि आम्ही सगळे दिव्यासमोर खुर्च्या मांडून बसलो.

आयडा रडेना.

पोट भरलेलं, अंगावर ऊब, ती गाढ झोपली. आम्ही सहा मोठी माणसं विझलेल्या दिव्याकडे टक लावून बसलो होतो. लायलने उरलेले कोबीचे गोळे वाटले. ड्रू म्हणाला, "चिमटा काढू का?" केल्सीने त्याला चिमटा काढला. डेल म्हणाला, "ही पोरगी मुद्दाम करतेय. हिला प्रेक्षक कळतात." कधी नव्हे ते एक मूल रडावं म्हणून आमचं सगळं घराणं जीव मुठीत धरून बसलं होतं.

ऊन खिडकीतून कलायला लागलं तेव्हा माझी नजर कोरीनवर पडली. तिची मान किंचित वळली होती. तिला ऐकू आलं होतं. तिने झटकन दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. डोळे मिटले. मी इतक्या वर्षांत कुणाला एवढ्या ताकदीने नुसतं बसलेलं पाहिलं नाही.

दिवा लागला.

केल्सी उठली, पण लगेच गेली नाही. आधी आईकडे पाहिलं, तिचे हात कुठे आहेत ते. मग खाली वाकून तिच्या केसांवर ओठ टेकले आणि आत गेली.

बाळ बाहेर आलं, लाल, चिडलेलं. डेलने ते मांडीवर घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग करंगळी, म्हणजे आमच्या बोटांच्या लिपीतलं 'आय', उभी करून गालाजवळ अश्रूसारखी हळूहळू, रेंगाळत खाली आणली. "वाट पाहायला लावणारी," तो म्हणाला. ते तिचं नाव.

केल्सी आणि ड्रू त्याच घरात राहिले. सासूबाई अजून अधूनमधून माळ्याबद्दल बोलतात, पण हल्ली दाराचा दिवा लागतो ना ते बघूनच भांडं गाडीतून काढतात. तो कान त्यांनी आयडा दोन वर्षांची झाल्यावर शेजारच्या नव्या बाळाला दिला. आयडा बोलते आधी हातांनी, मग तोंडाने, आणि खोटं मात्र दोन्हींनी बोलते. लायल कोलंबसला गेला, रविवारी व्हिडिओवर दिसतो, तोंडात घास असतोच. डेल चोवीस सालच्या ऑक्टोबरात गेला, दुपारी, खुर्चीत. जुन्या क्लबातली शेवटची माणसं आली होती. हार्लनच्या जुळ्यांपैकी एक आला, साठीकडे झुकलेला. त्याने कोरीनला हातांनी काहीतरी सांगितलं ते मी बघितलं नाही, मुद्दाम तोंड फिरवलं.

कोरीनने धंदा तिच्याकडच्या दोघा कारागिरांना दिला आणि माझ्याकडे राहायला आली. म्हातारीला सोबत म्हणून आली असं सगळ्यांना सांगते. सकाळी ती फार उशिरापर्यंत झोपते. मी आपली पहाटेच उठते, कॉफीची तल्लफ येते. पण भांडी किती वाजतात ते मला कळत नाही. म्हणून ती उठेपर्यंत मी स्वयंपाकघरात जातच नाही.